राज्यमातेची कास धरणार कोण?

३० सप्टेंबर ही तारीख आम्हा किल्लारीकरांना कॅलेंडरात बघावी लागत नाही. १९९३ साली त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात काय झालं, ते आमच्याकडे घराघरात पाठ आहे. २०२४ मध्ये नेमक्या त्याच तारखेला राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून जाहीर केलं. योगायोगच असणार. मंत्रालयात कॅलेंडर टांगतात ते सुट्ट्या बघायला.

त्या निर्णयात मराठवाड्याच्या देवणी आणि लाल कंधारी गाईंची नावं आहेत. देवणी आमच्या लातूर जिल्ह्यातली, कंधार शेजारच्या नांदेडातलं. म्हणजे राज्यमातेचं माहेर आमच्याच अंगणात निघालं! तेव्हा माहेरची बाई या नात्याने चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे. आणि मी बोलणार आहे ते तिच्या शिंगांबद्दल नाही, वशिंडाबद्दल नाही, तिच्या पोटातल्या तेहतीस कोटी देवांबद्दल तर मुळीच नाही. मी बोलणार आहे तिच्या कासेबद्दल. सभ्य माणसांनी हवं तर पान उलटावं. गाईवर तासभर बोलून कासेचा उल्लेख टाळणारे वक्ते मी इतके ऐकलेत की, दूध थेट डेअरीच्या कॅनमध्ये उगवतं असं त्यांचं मत असावं, अशी मला दाट शंका आहे.

आधी भूकंपाचा हिशेब मिटवू. गाय आणि भूकंप यांची सोयरीक आम्ही जुळवलेली नाही. ती जुळली दिल्लीत. २०२१ च्या आरंभी राष्ट्रीय कामधेनू आयोगाने देशभर गोविज्ञानाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. तारीखही काढली, २५ फेब्रुवारी. विद्यार्थ्यांना या परीक्षेला बसायला उत्तेजन द्या, असं पत्र विद्यापीठ अनुदान आयोगाने कुलगुरूंना धाडलं. अभ्याससाहित्यात एक रत्न होतं: जनावरांच्या कत्तलीतून वेदनेच्या लहरी निघतात आणि त्यांनी भूकंप होतात. लहरींना नाव आइन्स्टाइनचं. बिचारा १९५५ सालीच वारला, म्हणून सुटला.

आम्ही मात्र सुटलो नाही. आमची माणसं दगडमातीच्या रुंद भिंतींखाली आणि मातीच्या जड माळवदाखाली गेली. भूवैज्ञानिक बापडे दख्खनच्या पठाराखाली साठलेल्या ताणाबद्दल इतकी वर्षं लिहीत बसले, किल्लारीच्या जमिनीत भोक पाडून त्यांनी खडक तपासला, आणि उत्तर अभ्यासक्रमात तयारच होतं! एक बारीकशी अडचण राहते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी घालणारा कायदा १९७६ चा आहे, भूकंप १९९३ चा. लहरींपर्यंत राजपत्र पोचलं नसावं.

त्याच साहित्यात आणखी ज्ञान होतं. देशी गाईच्या दुधात सोन्याचा अंश. देशी गाय चलाख, ती घाणीत बसत नाही. जर्सी आळशी आणि रोगट. एवढा गवगवा झाला की परीक्षा पुढे ढकलली गेली. विद्या मात्र व्हॉट्सअॅपवर पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. आजही कुठल्याही पारावर तिचे पदवीधर भेटतात.

आता माझी गाय. देवणी, रंगाने वानेरा. म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. रूप असं की कॅलेंडरवाल्याने उचलून न्यावी. पण तिने ते अभ्याससाहित्य वाचलेलं नाही. तिला जिथे मऊ लागतं तिथे ती बसते, आणि गोठ्यात मऊ लागतं ते ओल्या जागी. शेण, मूत आणि चिखल यांच्या त्रिवेणी संगमावर ती डोळे मिटून रवंथ करते. व्याली, कालवड झाली, आम्ही खरवस खाल्ला. दोन-चार दिवसांत मागचा एक सड कालवडीला तोंड लावू देईना. लाथ झाडायची. हात लावला तर कासेचा तो भाग तापलेला, कडक. धार काढली तर पिवळसर पाणी आणि त्यात पांढऱ्या गुठळ्या. दगडी! पुस्तकी मंडळींसाठी, कासदाह.

आणि मग सल्लागार मंडळ भरलं.

पहिलं निदान शेजारचं: “नजर लागली बगा काकू. कास लई भरली होती, कुनाचा तरी डोळा पडला.” मीठ-मोहरी ओवाळून झाली. माझी हरकत नव्हती. मीठ-मोहरीने कुठल्याही गाईला आजवर अपाय झालेला नाही. हरकत आहे ती पुढच्या गोष्टीला. दृष्ट काढली की काम झालं, असं समजून लोक रात्रभर कास तशीच तुंबलेली ठेवतात. नजरेचं माहीत नाही, पण त्या तुंबलेल्या दुधात जंतूंना जी मेजवानी मिळते ती डोळ्यांनी दिसते, सकाळी.

दुसरे एक जुनेजाणते तात्या. त्यांचं म्हणणं, चूक मुळातच झाली. जार, म्हणजे वार, पडायच्या आधी मी चीक काढला आणि कालवडीला पाजला. आमच्या भागातला हा वेद आहे: जार पडेपर्यंत कासेला हात लावायचा नाही. या वेदामुळे किती वासरं चिकाविना बसून राहिली असतील! वासराला पहिल्या तास-दोन तासांत चीक मिळायला हवा. आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं त्याला गर्भात मिळालेली नसतात, ती चिकातूनच मिळतात, आणि आतड्याची ती घेण्याची क्षमता तासागणिक घटत जाते. शिवाय वासरू ढुसण्या देऊन प्यायलं की गाईच्या अंगात जे पान्ह्याचं संप्रेरक स्रवतं, तेच गर्भाशय आवळतं आणि जार पडायला मदत करतं. म्हणजे जार पडावा म्हणून ज्याची मदत घ्यायची, त्यालाच जार पडेपर्यंत बांधून ठेवायचं. आमच्या तर्कशास्त्राची ही कायमची रीत.

तिसरे शिरोमणी. गळ्यात भगवं उपरणं, हातात फोन, फोनमध्ये गोविज्ञान. एका गोशाळेत व्याख्यानासाठी आले होते, वाटेत आमच्याकडे ताक प्यायला थांबले. गाईला बघून म्हणाले, “देशी गाईला हा रोग होतच नाही.”

म्हटलं, “मग हिला काय झालंय?”

त्यांनी गाईकडे पाहिलं, वशिंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ही शुद्ध नसणार.”

वा! रोग सिद्धांताला जुमानत नसेल, तर रोग्याचं कुळ तपासायचं. क्षणभर मला वाटलं, आता गाईची जातपडताळणी समितीपुढे सुनावणी लागणार. त्यांच्या म्हणण्यात सत्याचा एक कण आहे, तो मी प्रामाणिकपणे वेचून ठेवते: होल्स्टीनसारख्या भरपूर दूध देणाऱ्या गाईंच्या मानाने आपल्या देशी गाईंना दगडी कमी होते. कारण सोनं नाही. दूध कमी, कास आटोपशीर, सडाचं तोंड घट्ट. पण कमी होणं म्हणजे न होणं, हे गणित कोणत्या वेदातलं? स्टॅफिलोकोकस हा जंतू गाईच्या सडात शिरताना वशिंड मोजत नाही.

मग त्यांनी उपाय सांगितला: कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप. आता वाचकहो, तुम्हाला वाटेल मी लेपाची टिंगल करणार. नाही करणार. पाव किलो कोरफड, पन्नास ग्रॅम हळद, पंधरा ग्रॅम चुना, हा लेप आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेच शेतकऱ्यांपर्यंत नेलाय. कास रिकामी करून, धुऊन, दिवसातून अनेकदा लावायचा, रोज ताजा करायचा. रोग सुरुवातीलाच पकडला तर उपयोग होतो. पण आमच्या महाशयांनी त्यापुढे स्वतःची ओवी जोडली: “डॉक्टरला बोलवू नका, विषारी औषधं देतात.” दुग्धविकास मंडळ असं म्हणत नाही. गाईला ताप चढलाय, चारा सोडलाय, कान गार पडलेत, दूध पाण्यासारखं झालंय, अशा अवस्थेत नुसता लेप लावत बसणं म्हणजे गाईच्या तेराव्याची तयारी. व्याल्यानंतरच्या दिवसांत ई. कोलायसारख्या शेणातल्या जंतूंनी होणारी दगडी एवढी जहाल असू शकते की त्यांचं विष रक्तात उतरतं आणि गाय दिवसा-दोन दिवसांत दगावते. कोरफडीला तेवढी सवड मिळत नाही.

चौथे आले ते मोटारसायकलवरून. पिशवीत सुया, पिशवीबाहेर आत्मविश्वास. हे डॉक्टर नव्हेत, पण सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. ताप न मोजता, धार न बघता, गाडीचा स्टँड लावता लावता त्यांनी सेफ्ट्रियाक्सोनची बाटली फोडायला घेतली. माणसाच्या न्यूमोनियावर, मेंदूज्वरावर जपून वापरायचं औषध, इथे ते खारीक-खोबऱ्याच्या भावात. पिशवीत डायक्लोफिनॅकही होतं. जनावरांसाठी ते २००६ सालीच बंद झालं, कारण ते टोचलेली मेलेली जनावरं खाऊन देशातली गिधाडं संपत आली. गिधाडं संपली तरी बाटली संपली नाही. मी त्यांना चहा पाजला आणि पिशवीसकट वाटेला लावलं. असे डॉक्टर एक सुई टोचतात, दुसऱ्या दिवशी सूज जरा उतरते, तिसऱ्या दिवशी ते फिरकत नाहीत. जंतू मात्र तिथेच असतात आणि या खेपेला औषध ओळखून असतात.

अखेर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी गाईला नमस्कार केला नाही. थेट थर्मामीटर लावला. काय हा उद्धटपणा! मग कासेवर बोट दाबून पाहिलं. व्यायच्या सुमाराला कासेला नुसतं पाणी भरून सूज येते. त्यात बोट दाबलं की खड्डा उरतो, कास तापलेली नसते, दूध बरं असतं. ती सूज आपली आपण उतरते. ही तशी नव्हती. पहिल्या चिळकांड्या काळ्या वाटीत घेऊन गुठळ्या बघितल्या, स्वच्छ बाटलीत दुधाचा नमुना घेतला. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते तपासायला. या परीक्षेचा निकाल लागतो, ती ढकलली जात नाही.

आणि मग सांगितलेली कामं ऐका, एकही श्लोक नाही. दुखरा सड दर दोन-तीन तासांनी रिकामा करायचा, रात्रीसुद्धा. ते दूध जमिनीवर सोडायचं नाही, वासराला पाजायचं नाही, भांड्यात घेऊन लांब पुरायचं. सूज-वेदनेचं औषध. औषधाची नळी सडात सोडायची ती कास पुरती रिकामी करून आणि सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून. गाय बरी दिसली तरी ठरलेले दिवस पुरे करायचे. तोवर आणि त्यानंतर वेष्टनावर छापलेले दिवस संपेपर्यंत त्या गाईचं दूध डेअरीला नाही. आजारी गाय सगळ्यांत शेवटी पिळायची, म्हणजे हातावरचे जंतू दुसरीच्या सडाला जाणार नाहीत. सडात काडी घालून ‘वाट मोकळी’ करायची नाही. सडाच्या तोंडाची नाजूक झडप एकदा फाटली की ती वाट जंतूंना कायमची मोकळी.

या सगळ्यात अवघड काम कोणतं? रात्री दोन वाजता उठून, लाथ चुकवत, ठणकत्या सडातून गुठळ्या काढणं. ते कोणी केलं? उपरण्याने नाही. मी आणि माझ्या सुनेने. गोमातेवर बोलणारे बहुतेक पुरुष, तिचं शेण काढणाऱ्या बहुतेक बाया, या कामवाटपाबद्दल कोणत्याही शासन निर्णयात अवाक्षर नाही. गाय बरी झाली. सड वाचला, दूध पहिल्याइतकं राहिलं नाही. दगडी झालेल्या कासेत दूध तयार करणाऱ्या ज्या पेशी मरतात, त्या चालू वेतात परत येत नाहीत.

खरं तर व्याल्यावर धावपळ करायची वेळच उशिराची असते. रोग बरेचदा घुसतो गाय आटवतानाच. व्यायच्या आधी दोन महिने गाय आटवतो, तेव्हा शेवटची धार काढून प्रत्येक सडात औषधाची नळी सोडायची, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येतं. भाकड काळात सडाच्या तोंडाला एक नैसर्गिक बूच बसतं. व्यायच्या वेळी ते निघून जातं, नेमकी तेव्हाच गाईची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, दूध सुटल्याने रक्तातलं कॅल्शियम घटतं आणि सडाच्या तोंडाचा स्नायू ढिला पडतो. दार उघडं, राखणदार झोपलेला. अशा वेळी गाय कोरड्या जागी बसली पाहिजे. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास उघडंच असतं, म्हणून सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि पुढ्यात वैरण टाकायची, म्हणजे ती खात उभी राहते. आणि धार मुठीने काढायची. अंगठा दुमडून सड ओरबाडायचा नाही. आयोडीनची बाटली, स्वच्छ फडकं, पेंडीभर कडबा. एका फ्लेक्सच्या खर्चात वर्षभराचं येईल. पण आयोडीनच्या बाटलीवर आमदारांचा फोटो छापता येत नाही.

कोरडी जागा म्हटलं की मला हसू येतं. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या पैशातून गावं नव्याने वसवली. जमिनीच्या मापाप्रमाणे अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरं, ओळीने, शहरासारखे रस्ते. जीव वाचतील अशी घरं दिली, त्याबद्दल ऋणी आहोत. जुन्या वाड्यात दारातून आत आलं की आधी जनावरं, मग माणसं. नव्या नकाशात जनावर नव्हतंच. शेतकऱ्याचं घर आखताना गाय कुठे बसेल हे कागदावर कोणी विचारलं नाही. मग लोकांनी घरापुढे, मोरीच्या पाण्यात, पत्र्याच्या आडोशाला दावणी घातल्या. तिथे आजही ओल असते, तिथेच दगडी असते. राज्यमातेला पदवी मिळाली, सुका ओटा नाही मिळाला.

बाजाराचं तर बोलूच नका. युरोपात दुधाच्या एका मिलिलिटरमध्ये चार लाखांपेक्षा जास्त कायिक पेशी चालत नाहीत. अमेरिकेतही साडेसात लाखांवर परवानगी नाही. या पेशी वाढल्या म्हणजे कास सुजलीय, बाहेरून दिसो न दिसो. निरोगी गाईत त्या दोन लाखांच्या आत असतात. गाईला घाणीचा विटाळ आहे की नाही हे तिकडच्या लोकांना अभ्याससाहित्यातून नाही, दुधातून कळतं. आपल्याकडे संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेला घनांश, मोजतात, दर त्यावर. कास किती सडली याचा दराशी संबंध नाही. मग शेतकरी औषध चालू असलेलं दूध का ओतून देईल? घालतो कॅनमध्ये. तुमच्या घरी दही लागत नसेल तर विरजणाला दोष देण्याआधी याचा विचार करा. प्रतिजैविकांनी विरजणातले जंतूही मरतात. “उकळलं की झालं,” असं म्हणणाऱ्यांसाठी: स्टॅफिलोकोकसचं विष उकळूनही जात नाही.

आणि ज्या गाईचे दोन सड कायमचे गेले, तिचं काय? १९७६ च्या कायद्याने गाय कापायला बंदी होतीच, २०१५ पासून बैल-वळूही त्यात आले. ठीक, कायदा आहे. मग अशा गाईला रोजचा चारा कोण घालणार? सरकारने उत्तर काढलं: दिवसाला पन्नास रुपये. कोणाला? गोशाळेला. माझ्या गोठ्यात तीच गाय बांधलेली असली, तिची कास मी शेकत असले, तर शून्य. घराबाहेर काढून गोशाळेत टाकली की पन्नास. आईला वृद्धाश्रमात ठेवणाऱ्यालाच अनुदान देणारी ही मातृभक्ती जगात दुसरीकडे सापडणार नाही. इतक्या चोख तर्काचा माणूस अर्थखात्यात बसलाय की गोविज्ञानाच्या पेपरात पहिला आलाय?

तर वाचकहो, एक विनंती. तुमच्या गावात गोमातेवर व्याख्यान ठेवलं तर जरूर जा. वक्त्याला हार घाला, नारळ द्या, टाळ्याही वाजवा. फक्त त्याला रात्री मुक्कामाला ठेवा आणि पहाटे एका ओल्या बाळंतिणीच्या, नुकत्या व्यालेल्या गाईच्या खाली बादली घेऊन बसवा. धार मुठीने काढायला लावा. नंतर सड आयोडीनमध्ये त्यानेच बुडवावेत, शेण त्यानेच उचलावं. आणि पहिल्या चिळकांडीत गुठळी दिसली, तर सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे १९६२. तो फोन मात्र तुम्हीच करा. त्याचा फोन तोवर थेट प्रक्षेपणात गुंतलेला असेल.